तुराटीचा दुसरा अल्बम

कडुनिंब फुलला की आमच्या गल्लीतला आवाज कमी होत जातो. लातूरच्या शिकवण्यांच्या भागात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आधी भाजीवाला गाड्यावरचा भोंगा बंद करतो आणि फाटकाची कडी हलवून उभा राहतो. मग गिरणीवाला दुपारचं दळण सकाळीच उरकून घेतो. दारादारावर कागद चिकटतात, ‘शांतता राखा, मुलं अभ्यास करताहेत’. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा होईपर्यंत सगळा भाग पाऊल न वाजवता चालतो. उरते ती कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास आणि झेरॉक्सच्या दुकानातून येणारा गरम कागदाचा वास.

यंदाही कडुनिंब फुलला. सकाळी कॉलेजला निघाले तर गाडीच्या सीटवर त्याची बारीक पांढरी फुलं पडलेली होती. ती हातानं झटकली, वर्गात गेले, हजेरी घेतली, आणि सगळा वेळ मनात एकच गोष्ट चालू होती. आमच्या दुसऱ्या अल्बममधला ड्रम.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आपल्या बाईंचा एक बँड आहे हे माझ्या फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. बँडचं नाव ‘तुराटी’. तूर झोडून झाली की जी काडी उरते ती. चुलीत घातली की तडतडते, पाठीत बसली की वळ उठतो. आम्ही तिघं. मूळ उदगीरच्या, आता लातुरात दुकान असलेल्या डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरातला मल्लिकार्जुन, म्हणजे मल्लू, गिटार आणि कीबोर्ड वाजवतो. नांदेडचा खय्यूम ड्रम वाजवायचा. गाणी मी लिहिते आणि मीच गाते, म्हणजे सुरुवातीला तरी ओरडतच होते.

तिघांची गाठ नांदेडच्या कॉलेजात पडली. मल्लूच्या फोनमध्ये कुठून कुठून जमवलेली पंक गाणी असायची. तीन सूर, भरधाव वेग आणि घसा फाडून म्हटलेले शब्द. आम्हाला वाटलं, हे तर आपल्यालाही येईल. पंक म्हणजे काय, असं आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, भांडणाचं गाणं. आई म्हणाली, “भांडायला शिकायला एवढी फी भरली व्हय आम्ही?” लोह्याजवळच्या आमच्या गावात वडील गवंडीकाम करायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. त्यामुळे आईच्या प्रश्नावर सगळे हसले तरी मी अर्धीच हसले.

पहिला अल्बम आम्ही खय्यूमच्या घरच्या गोदामात केला. त्याच्या घरचा लग्नाचा बँड आहे, दोन पिढ्यांचा. गोदामात सोनेरी काठांचे लाल कोट ओळीनं टांगलेले, डांबरगोळ्यांचा वास, आणि पितळी भोंगे पुसून पुसून चिंध्यांना आलेला हिरवट रंग. दोन लग्नांच्या मध्ये जागा मोकळी मिळाली की आम्ही शिरायचो. तुकडे तुकडे करून जोडायची अक्कल तेव्हा नव्हती, तिघं एकदमच वाजवायचो. खय्यूम काठीवर काठी मारून चार मोजायचा आणि आम्ही त्याच्या मागं धावत सुटायचो. होस्टेलच्या पाण्यावर एक गाणं होतं, न थांबणाऱ्या एस.टी.वर एक होतं. आजही तो अल्बम ऐकला की कळतं, गाडी खय्यूम हाकतोय आणि आम्ही दोघं टपावर बसलोय.

आवाज नसण्याशी माझी ओळख मात्र त्याआधीची आहे. बारावीच्या वर्षी वडिलांनी नांदेडला क्लासच्या गल्लीत मला एक खोली घेऊन दिली. खिडकीखालून लग्नाच्या वराती जायच्या. गल्लीच्या तोंडाशी बँड दणदणत यायचा आणि आमचं पहिलं घर लागलं की एकाएकी थांबायचा. कुणी थांबवत नसे, तसा रिवाजच पडला होता. भोंगे खाली, ढोल काखेत. अख्खी वरात त्या गल्लीतून मुक्यानं चालायची. घोड्याच्या टापा तेवढ्या ऐकू यायच्या. डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका आमच्या खिडक्यांकडे बघत पुढे जायच्या. गल्ली संपली की परत दणका. त्या दहा मिनिटांत एका नवरदेवाची हौस माझ्यासाठी थांबलेली असायची. मला तेव्हा फार कृतज्ञ वाटायचं. आपल्या शिक्षणासाठी सगळं गाव श्वास धरून उभं आहे, असं वाटायचं, आणि मी अजून जोरानं पाठांतराला लागायची.

पुढे कॉलेजात एकदा खय्यूमला विचारलं, “त्या वर्षी वरातीत तू होतास का रे?”

“होतो की. रोजच असायचो. तुमची गल्ली आली की चाचा म्हणायचे, डॉक्टर लोक आले, चुप बैठो. आम्ही चुप. घोडं सुद्धा दबकून चालायचं.”

“आणि तुझी बारावी?”

“माझी कुठली बारावी? मी त्याच वर्षी नापास झालो. आमच्या घरासमोरची गल्ली शांत कोण करणार? आवाज तर आमच्याच घरातनं निघायचा.”

तो हसत सांगत होता. पुढच्या वर्षी तो पास झाला आणि आमच्याच कॉलेजात आला, म्हणून तर भेटला. पण त्या दिवसापासून कृतज्ञतेच्या तळाशी काहीतरी टोचायला लागलं. खाताना दातात खडा यावा तसं.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी मी नोकरीला लागले होते. मला सुट्टी मिळायची ती परीक्षांच्या मोसमात. मल्लूच्या दुकानातही तेव्हा आवक कमी. नांदेडचं गोदाम मात्र लग्नसराईमुळे भरलेलं. म्हणून ठरलं, लातूरला मल्लूच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत. आता विचार केला की हसू येतं. सगळ्या महाराष्ट्रातून ज्या गावात मुलं शांततेसाठी येतात, त्या गावात, ऐन परीक्षेच्या महिन्यात आम्ही पंकचा अल्बम करायला बसलो.

मल्लूच्या घरातल्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेल्या असतात. आमच्या बरोबर खालच्या खोलीत किनवटकडची सविता होती. आश्रमशाळेत शिकलेली, तिसऱ्यांदा परीक्षेला बसणारी. मल्लूची आई, जिला आम्ही तिघंही अव्वाच म्हणतो, ती या मुलीसाठी कुकर लावत नसे. शिटी होते म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची, दोन दोन तास. दुसऱ्याच दिवशी अव्वा ताक घेऊन वर आली.

“खय्यूम, बाळा, जरा हळू बडव.”

त्यानं ड्रमवर वाकळ टाकली. तिसऱ्या दिवशी अव्वा परत आली तेव्हा दुसरी वाकळ टाकली, मग आत उशी कोंबली. चौथ्या दिवशी तो मांडीवर हातानं ताल धरत बसला होता.

“अव्वा, आता मनातल्या मनात वाजवू का?”

“वाजव की. मनात कोण नको म्हणतंय?”

आम्ही सगळे हसलो. अव्वासुद्धा. खय्यूम सगळ्यात जास्त.

मग मल्लूनं कीबोर्डमधला आयता ताल लावला. त्याला आम्ही डब्बा म्हणायचो. टक्-टिक्, टक्-टिक्, न दमणारा, न चुकणारा, हेडफोनमधून फक्त आपल्यालाच ऐकू येणारा. मल्लू म्हणाला, “तात्पुरतं डब्ब्यावर करून घेऊ. परीक्षा झाली की खय्यूम ड्रम भरील.”

“हौ, भरतो की,” खय्यूम म्हणाला. दोन दिवस तो आमच्या शेजारी बसून राहिला, चहा आणत, दार लावत, कूलरमध्ये पाणी टाकत. मग घरून फोन आला, वराती सुरू झाल्या, आणि तो नांदेडला गेला.

तो गेल्यावर गाणी बदलली. डब्ब्याच्या मागं धावता येत नाही, त्याच्या शेजारून चालावं लागतं. खाली सविता होती, म्हणून मी ओरडत नव्हते. तोंड माइकजवळ नेऊन, जवळजवळ कुजबुजल्यासारखं गायला लागले. आणि मला माझाच आवाज पहिल्यांदा ऐकू आला. मल्लू म्हणाला, हे न्यू वेव्हसारखं होतंय. पंक ओरडून दमल्यावर जे आलं ते न्यू वेव्ह. राग तोच, फक्त इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्या पंधरवड्यात मी जितकी सुखात होते तितकी एरवी क्वचितच असते. हे लिहितानाही जड जातंय, पण ते खरं आहे.

परीक्षा झाली. सविता सामान बांधून निघाली तेव्हा जिन्यात भेटली. म्हणाली, “ताई, तो ढोल का बंद केला हो?”

“तुझा अभ्यास होता ना.”

“पहिले दोन दिवस डोकं दुखलं. मग सवय झाली. बंद केला तसा पंख्याचा आवाज यायला लागला. तो लई वाईट.”

मी हे मल्लूला सांगितलं. खय्यूमला सांगितलं नाही.

मे महिन्यात खय्यूमला एकही दिवस मोकळा नव्हता. आज भोकर, उद्या मुदखेड, परवा उमरी. आम्ही वाट बघत होतो असं मी सगळ्यांना सांगते, आणि सुरुवातीला ते खरंही होतं. पण रोज ऐकता ऐकता ती गाणी आम्हाला तशीच आवडायला लागली होती. त्यांच्यावर आता ड्रम बसणार, या कल्पनेनंच मल्लूचा चेहरा उतरायचा. माझाही उतरत असणार. आम्ही एकमेकांना तसं बोललो नाही.

कॉलेज उघडण्याआधी एका मंगळवारी खय्यूम आला. पिशवीत काठ्या होत्या. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती, डीपी जळाली होती. अंगणात बसून आम्ही अव्वाच्या हातचे धपाटे आणि दही खाल्लं. तो ताटाच्या काठावर बोटं वाजवत होता आणि मधूनच विचारत होता, “कधी येईल?”

“सांगता येत नाही,” मल्लू म्हणाला.

चारच्या बसला त्याला सोडायला दोघंही गेलो. उद्या परत ये, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. परत आलो तर वरच्या खोलीत पंखा फिरत होता. मल्लूनं माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. बस अजून गावातच असणार होती. फोन खिशात होता. मला बरं वाटलं. खोलवर, स्वच्छ बरं वाटलं. आजही मला अपराधी वाटतं ते बाकी कशाचं नाही, त्या बरं वाटण्याचं.

आठवड्याभरात मल्लूनं अल्बम इंटरनेटवर चढवला. नाव ठेवलं ‘शांतता राखा’. खाली नावं लिहिली आणि ड्रमपुढे लिहिलं, खय्यूम.

“अरे, त्यानं कुठं वाजवलाय?” मी विचारलं.

“मग काय नावच टाकायचं नाही? मनाला लागेल की त्याच्या.”

आमच्याकडे लग्नपत्रिका छापताना असंच असतं. आजोळचे, पणजोळचे, सुरतला गेलेले, बोलणं बंद असलेले, सगळ्यांची नावं प्रेषकांत टाकायची. ते येवोत न येवोत. एक काका राहून गेला तर पुढची दोन लग्नं तो तोंड बघत नाही. माझ्या बहिणीच्या पत्रिकेत वडिलांनी चुलत्यांची नावं इतकी बारीक छापून घेतली होती की भिंग लावून वाचावी लागली. मायेची आमची समजूत ही अशी. नाव राहू नये. मल्लूनं त्याच मायेनं खय्यूमचं नाव टाकलं आणि त्याच मायेनं मी गप्प बसले.

अल्बम लोकांना आवडला. फार लोकांना नाही, आमच्यासारख्यांचा अल्बम ऐकणारे असतात किती. पण जे ऐकत होते ते म्हणत होते की तुराटी आता समंजस झाली. आणि ड्रमची स्तुती तर सगळेच करत होते. किती संयम, किती नेमका हात. खय्यूमला फोन जायचे. तो म्हणायचा, “मेहनत घेतली भाऊ, दुसरं काय.” एका वरातीत कुणी मुलगा त्याला म्हणाला, भैय्या, तुम्ही अगदी मशीनसारखं वाजवता. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं आणि इतका हसला की मलाही हसावं लागलं. तो आमचा शेवटचा लांबलचक फोन. भांडण झालं नाही. ईदला शुभेच्छा जातात, दिवाळीला येतात. तालमीला तो परत आला नाही, आणि आम्हीही एकदोनदा विचारून थांबलो. ड्रमवाल्याशिवाय कार्यक्रम करता येतो, हे डब्ब्यानं आम्हाला शिकवलंच होतं.

शाळेत मला नेहमी शाबासकी मिळायची ती गप्प बसण्याबद्दल. गुणी मुलगी, आवाज नाही हिचा. आज वर्गात मुलं चिडीचूप बसलेली असली की मला अभिमान वाटतो, आणि पाठोपाठ भीती वाटते. ही शांतता कुणाकडून काढून आणलेली आहे, हे यांना कुणी सांगत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्यानं हसत हसत सांगितलं, त्याच्याकडूनच मी परत एकदा ती काढून घेतली.

यंदा कडुनिंब फुलायच्या सुमारास नांदेडच्या एका कॉलेजातल्या मुलांचा फोन आला. पावसाळ्यात त्यांच्याकडे नव्या मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम आहे. ‘शांतता राखा’ अख्खा वाजवाल का? मल्लू म्हणाला, “डब्बा आहेच की.” मी हो म्हणाले आणि रविवारी एकटीच नांदेडला गेले.

खय्यूम दुकानात होता. वडिलांच्या जागी आता तोच बसतो. समोर ढोल उलटा ठेवून त्याची दोरी ओढून आवळत होता.

“या मॅडम. लग्न जमलं का?”

“नाही रे.”

“मग बँडवाल्याकडं कशाला आलात?”

चहा आला. मी कार्यक्रमाचं सांगितलं. अख्खा दुसरा अल्बम, म्हणाले.

“वाजवा की.”

“तुझ्याशिवाय?”

“माझ्याशिवायच तर केलाय.” आवाजात राग नव्हता. तो दोरीची गाठ बघत होता.

“तू ऐकलास तरी का रे तो?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

“वर्षा, समज तुझ्या नावानं दुसऱ्यानंच पेपर लिहिला. पहिला नंबर आला. गावानं सत्कार केला. तू वाचशील का तो पेपर?”

मी चहाचा कप खाली ठेवला. मग त्या मंगळवारचं सांगितलं. लाइट आली होती, बस गावातच होती, आम्ही फोन केला नाही. त्यानं मान हलवली, कुणी पत्ता सांगत असताना आपण हलवतो तशी.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “त्याचं एवढं नाही. गाणं तुमचं, तुम्हाला जसं पाहिजे तसं करा. पण पत्रिकेत नाव टाकलं आणि पंगतीत पान मांडलं नाही. लोक येऊन मलाच विचारून राहिले, जेवण कसं होतं. काय सांगू?”

“मग काय करू?”

“नाव काढा.”

“लोकांना वाटेल तुला काढून टाकलं.”

“मग खरं तेच वाटेल की.”

तेवढ्यात खरंच लग्नाचं गिऱ्हाईक आलं. मी उठले. येत्या रविवारी तालीम आहे, एवढंच म्हणाले. आता आम्ही उदगीर रस्त्याला, मल्लूच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यालगतच्या खोलीत वाजवतो. आजूबाजूला कुणी नाही, कितीही बडवा. आखाडा तेव्हाही होता. तेव्हा आम्ही जागा शोधलीच नव्हती, हे परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं.

मल्लू ऐकायला तयार नव्हता. “लोक पत्रिकेत नाव नाही म्हणून रुसतात. हा नाव आहे म्हणून रुसलाय. मी नाव काढलं तर उद्या त्याच्या घरचे काय म्हणतील? वापरला आणि पुसला?”

अव्वा आत ज्वारी निवडत होती. तिथूनच म्हणाली, “काढ म्हणतोय तर काढ की. नाव त्याचं हाय. तुझं हाय का?”

मल्लूनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग त्यानं खय्यूमचं नाव काढलं आणि तिथं लिहिलं, ‘ताल : कीबोर्डमधला’. ते वाचताना मला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. इतकी वर्षं त्या नावाच्या आडोशाला आम्ही दोघं उभे होतो, आता उघड्यावर आलो, एवढंच.

मी खय्यूमला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “बरं. आता ऐकतो.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचा मेसेज आला. ‘ऐकला. तिसरं गाणं लई भारी. तुझा आवाज असा हाय हे माहीत नव्हतं. ड्रमवाला कच्चा हाय, बदला.’

स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या मी तो परत परत वाचला. रविवारी येतो की नाही, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. मीही विचारलं नाही. मल्लूला फोन केला आणि सांगितलं, रविवारी आखाड्यावर डब्बा आणू नकोस.